विश्रांतीने वाढणारी पाठदुखी

पहाटेचे साडेतीन. घर झोपलेलं आणि माझा धाकटा भाऊ हॉलमध्ये येरझाऱ्या घालतोय. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. रात्री झोप लागायची, पण मध्यरात्र उलटली की कंबर अशी काही धरायची की साधी कूस बदलायची तरी आधी पलंगाची कड घट्ट पकडायची, गुडघे एका बाजूला टाकायचे आणि मग उरलेलं अंग त्यांच्यामागून ओढून आणायचं. उठून दहा-पंधरा मिनिटं चाललं की जरा मोकळं वाटे. पुन्हा आडवं झालं की पुन्हा तेच. सकाळी मोजे घालायला वाकता येत नसे, आई घालून द्यायची. आणि हाच मुलगा दुपारी बारा वाजता दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढायचा. मग त्याच्या दुखण्यावर विश्वास कोण ठेवणार? ‘उशिरा झोपतोस, अंग आखडणारच’ असं मीही त्याला ऐकवलं आहे. त्याची चुटपुट मला आजही लागते.

पुढच्या पाच वर्षांत त्याला कंबरेचा पट्टा मिळाला, ‘गादी सरकली असेल’ असं निदान मिळालं आणि तीनदा पूर्ण विश्रांतीचा सल्ला मिळाला. प्रत्येक विश्रांतीनंतर तो आधीपेक्षा जास्त आखडून उठला. कुठे दुखतं ते तो दर वेळी नीट बोट ठेवून दाखवायचा. कधी दुखतं, हे मात्र पाच वर्षांत त्याला कुणी विचारलं नाही. दाहाने होणाऱ्या अशा पाठदुखीत, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससारख्या आजारात, सगळ्यात बोलका प्रश्न तोच आहे, म्हणून हा लेख.

झीज वेगळी, दाह वेगळा

सांधे दुखण्याची दोन मोठी कारणं असतात. एक झीज. वय, वजन, जुनी दुखापत यांमुळे सांध्यातली कूर्चा विरळ होत जाते. असा सांधा वापरला की दुखतो आणि टेकलं की शांत होतो. दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी तो जास्त बोलतो.

दुसरं कारण दाह. बोटाला काटा रुतला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून आलेली असते. काम संपलं की ती माघारी जाते आणि बोट पूर्ववत होतं. दाहक संधिवातात ही माघार होतच नाही. बाहेरचा शत्रू नसताना प्रतिकारशक्ती सांध्यात मुक्काम ठोकते आणि महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं तिथे लढत राहते. या दुखण्याचं वेळापत्रक झिजेच्या बरोबर उलट असतं. हालचाल थांबली की ते वाढतं, हालचाल सुरू झाली की कमी होतं. त्यात रात्री शरीरातलं कॉर्टिसॉल हे दाह आवरून धरणारं संप्रेरक सगळ्यात कमी असतं. म्हणून रात्रीचा उत्तरार्ध आणि सकाळ या रुग्णांना सगळ्यात जड जाते.

तेव्हा पाठदुखी ४५ वर्षांच्या आत, हळूहळू, ठरावीक कारणाशिवाय सुरू झाली असेल, तीन महिन्यांहून जास्त टिकली असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल, चालल्याफिरल्यावर बरं वाटत असेल आणि झोपून राहिल्यावर वाटत नसेल, तर ती दाहाची असू शकते. कधी उजव्या कुल्ल्यात, कधी डाव्या, अशी बाजू बदलत दुखणं हीही एक खूण. आणखी एक खूण अशी की दाह कमी करणारी वेदनाशामक गोळी पूर्ण मात्रेत घेतली की एक-दोन दिवसांत ठळक फरक पडतो. यातली एखादी खूण असली म्हणजे आजार आहे असं नाही. पण तीन-चार एकत्र आल्या तर संधिवाततज्ज्ञाला, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्टला, दाखवायलाच हवं. हाडांच्या डॉक्टरांचं काम मुख्यतः मोडलेल्या, झिजलेल्या हाडांचं आणि शस्त्रक्रियेचं असतं. हा आजार प्रतिकारशक्तीचा आहे.

एका घरातले आजार

या आजाराच्या घराण्याला स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात. त्यातला सर्वांत परिचित सदस्य अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. ‘अँकिलोस’ म्हणजे ग्रीकमध्ये वाकलेला, ताठरलेला आणि ‘स्पॉन्डिलोस’ म्हणजे मणका. इथे एक घोटाळा निस्तरायला हवा. मराठीत बोलताना मान दुखली की सर्रास ‘स्पॉन्डिलायटिस झालाय’ म्हणतात. ते बहुतेक वेळा स्पॉन्डिलोसिस असतं, म्हणजे मणक्यांची वयोमानाने होणारी झीज. शेवटच्या दोन-तीन अक्षरांच्या फरकाने आजार बदलतो, आणि उपचारही. माझ्या भावाने निदान सांगितल्यावर निम्म्या नातेवाइकांनी ‘मलाही आहे की, उशी बदल’ असं उत्तर दिलं होतं.

सोरायसिस या त्वचाविकाराबरोबर येणारा सोरायटिक संधिवात, आतड्याच्या क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांसोबत येणारा संधिवात, आणि पोटाच्या किंवा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानंतर काही आठवड्यांत सांधे सुजवणारा रिअॅक्टिव्ह संधिवात, हे याच घरातले. व्हर्ना राइट आणि मोल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७४ मध्ये हे सगळे एकमेकांचे नातलग असल्याचं मांडलं. त्याआधी प्रत्येकाचा विचार सुटासुटा होत असे.

आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा शेजारच्या घरातला. तोही दाहाचाच, पण त्याची पसंती हाताची बोटं, मनगटं, पायाचे पंजे अशा लहान सांध्यांना, तीही बहुधा दोन्ही बाजूंना सारखी. बोटांच्या अगदी टोकाचे सांधे तो सहसा सोडतो, उलट सोरायटिक संधिवात नेमके तेच धरतो. आमवात सहसा कंबरेच्या वाटेला जात नाही. मात्र मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके तो सैल करू शकतो. जुना आमवात असलेल्या माणसाने कुठल्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला हे आवर्जून सांगावं, कारण भूल देताना मान मागे वाकवतात.

दुखणं नेमकं बसतं कुठे

पाठीच्या तळाशी, कंबरेच्या जरा खाली, अनेकांच्या पाठीवर दोन खळ्या दिसतात. साधारण त्यांच्या खोलात, कण्याचा तळ आणि ओटीपोटाचं मोठं हाड जिथे जुळतं, तिथे दोन बाजूंना दोन सांधे आहेत. त्यांना सॅक्रोइलिअॅक सांधे म्हणतात. गुडघ्यासारखे ते फारसे हलत नाहीत, पण धडाचं सगळं वजन त्यांच्यातूनच पायांकडे उतरतं. या आजाराची सुरुवात बहुतेकदा इथे होते, आणि मग तो कण्यावरून वर सरकू शकतो.

आमवातात दाहाचा तळ सांध्याच्या आतल्या मऊ अस्तरात असतो. स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसमध्ये तो खास करून तिथे असतो, जिथे स्नायूची कंडरा किंवा लिगामेंट हाडात रुजते. त्या जागेला एन्थेसिस म्हणतात. झाडाच्या मुळावर जसा वाऱ्याचा ताण येतो, तसा शरीराच्या हालचालींचा ताण या जागांवर येतो. शरीरात अशा जागा शेकड्यांनी आहेत. म्हणून पाठदुखीच्या रुग्णाची टाच दुखते, छातीच्या फासळ्या जिथे जुळतात तिथे शिंकताना कळ येते, आणि कुणाला वाटतही नाही की हे सगळं एकच आहे. माझ्या भावाची टाच आधी दुखली होती, कंबर नंतर. आम्ही बूट बदलले.

दाह बराच काळ राहिला की त्याच्या मागोमाग शरीर दुरुस्तीला लागतं, आणि ही दुरुस्ती मूळ मर्यादा ओलांडते. मणक्यांच्या कडांवर नवं हाड धरू लागतं, वरच्या आणि खालच्या मणक्यांची टोकं एकमेकांकडे वाढतात आणि काही रुग्णांत शेवटी जुळतात. क्ष-किरणात अशा कण्याला बांबूसारख्या गाठी दिसतात, म्हणून त्याला ‘बांबू स्पाइन’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर या आयरिश डॉक्टरांनी असा एकसंध झालेला सांगाडा पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पुढे रशियात बेख्तेरेव्ह (१८९३), जर्मनीत स्ट्रुम्पेल (१८९७) आणि फ्रान्समध्ये पिएर मारी (१८९८) यांनी जिवंत रुग्णांमधला आजार वर्णिला. कणा पूर्ण जुळणं ही या आजाराची टोकाची अवस्था आहे. सगळ्यांची गाडी तिथे जात नाही, आणि वेळेवर उपचार मिळाले तर आणखी कमी जणांची जाते.

यातली एक गोष्ट मला ऐकल्यावर खरी वाटली नव्हती. मणक्याच्या बाहेर नवं हाड वाढत असतानाच आतलं हाड ठिसूळ होत जातं. जुळलेला कणा दिसतो दणकट, पण लांब कोरड्या खडूसारखा मोडू शकतो, तोही किरकोळ पडण्याने. अशा रुग्णाला पडल्यानंतर मानेत किंवा पाठीत नवं दुखणं सुरू झालं तर फ्रॅक्चर नाही हे सिद्ध होईपर्यंत ते फ्रॅक्चर समजायचं. साध्या क्ष-किरणात ते सुटू शकतं, सीटी किंवा एमआरआय लागतो. त्याला उचलताना मान जशी वाकलेली आहे तशीच आधार देऊन ठेवायची, सरळ करायला जायचं नाही.

कण्याच्या पलीकडे

एक डोळा अचानक लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं. डोळे आले समजून घरातले थेंब घालत बसण्याचा हा प्रसंग नाही. डोळ्याच्या मधल्या थराचा हा दाह आहे, युव्हिआयटिस, आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. वेळेवर स्टेरॉइडचे थेंब मिळाले तर डोळा बहुधा पूर्ण सुधारतो, उशीर झाला तर नजरेवर परिणाम होऊ शकतो. कित्येकांचं पाठीचं निदान मुळात डोळ्याच्या डॉक्टरांच्या एका प्रश्नामुळे होतं: ‘सकाळी उठताना पाठ आखडते का?’

सोरायसिसचे खवले, नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखं फुगणं, वारंवार रक्त पडणारे जुलाब, हेही याच गोष्टीचे धागे. आतड्याशी असलेलं नातं तर फार जवळचं दिसतं. पोटाची काहीच तक्रार नसलेल्या रुग्णांच्या आतड्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर जवळपास निम्म्यांत दाह आढळतो. हा आजार आतड्यातल्या जंतूंशी प्रतिकारशक्तीचं बिनसल्यामुळे पेट घेतो का, यावर संशोधकांचं काम चालू आहे.

थकवा मात्र कुणाला दिसत नाही. दाह चालू असताना शरीर सतत तापातून उठल्यासारखं असतं, त्यात रात्रीची झोप तुटलेली. घरच्यांनी त्याला आळस म्हणू नये, एवढं मी कळकळीने सांगते.

तपासण्या काय सांगतात आणि काय नाही

१९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की एचएलए-बी२७ नावाचं जनुक या रुग्णांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतं. युरोपीय वंशाच्या रुग्णांत ते ८० ते ९० टक्क्यांत सापडतं, तर तिथल्या एकूण लोकसंख्येत ते साधारण ८ टक्क्यांत असतं. हे आकडे ऐकून लोक पुढचा अंदाज चुकवतात. बी२७ असलेल्या शंभर माणसांपैकी नव्वदहून कितीतरी जास्त जणांना हा आजार कधीच होत नाही. म्हणजे अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला याचा अर्थ आजार आहे असा नाही, आणि ‘निगेटिव्ह’ आला म्हणून सुटका झाली असंही नाही. लक्षणं जुळत असतील तेव्हा हा अहवाल पारड्यात वजन टाकतो, इतकंच. त्याच्याशिवाय इतरही बरीच जनुकं यात थोडा थोडा वाटा उचलतात.

रक्तातला दाह मोजणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या चाचण्या आमवातात बऱ्याचदा वाढलेल्या दिसतात. कण्याच्या आजारात त्या कितीतरी रुग्णांत चक्क नॉर्मल येतात. ‘रक्त स्वच्छ आहे, तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य त्यामुळे अनेक रुग्णांनी ऐकलेलं असतं. क्ष-किरणाचंही तसंच. त्यात दिसतो तो दाहाने केलेला बदल, आणि तो दिसण्याजोगा व्हायला कित्येक वर्षं जातात. निदानाच्या १९८४ च्या जुन्या निकषांत क्ष-किरणात बदल दिसणं सक्तीचं होतं, म्हणून सुरुवातीचे रुग्ण, आणि त्यात बायका जास्त, निदानातून निसटत राहिल्या. हा पुरुषांचा आजार अशी समजूत त्यातूनच पक्की झाली. २००९ च्या निकषांत एमआरआय आला. सॅक्रोइलिअॅक सांध्यांच्या एमआरआयमध्ये हाडाच्या आत साचलेली सूज दिसते, क्ष-किरण स्वच्छ असतानाही.

तरी एमआरआयलाही डोळे झाकून मान डोलवायची नाही. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांत आणि धावपटूंमध्ये अशीच सूज आजाराशिवाय दिसू शकते. आणि एमआरआय काढताना तो ‘कंबरेचा’ काढून भागत नाही, सॅक्रोइलिअॅक सांध्यांचा काढावा लागतो. माझ्या भावाचे आधीचे दोन्ही एमआरआय कंबरेच्या मणक्यांचे होते. ते नॉर्मल होते आणि खरे होते. फक्त कॅमेरा एक वीत वर लावलेला होता.

शेवटी निदान होतं ते या सगळ्याच्या जुळणीतून. अनेक देशांतल्या पाहण्यांत पहिलं लक्षण आणि निदान यांत सरासरी सहा-सात वर्षं गेलेली दिसतात. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर एक वही ठेवा: रात्री किती वाजता जाग आली, सकाळी किती वेळात अंग मोकळं झालं, कशाने बरं वाटलं, गोळी घेतल्यावर किती तासांनी फरक पडला. सोबत डोळा, त्वचा, पोट, टाच यांचा इतिहास आणि घरात कुणाला असं काही होतं का, तेही लिहा.

तपासताना डॉक्टर टेप घेतात तेव्हा गोंधळून जाऊ नका. पाठीवर त्या दोन खळ्यांच्या रेषेत एक खूण करतात, तिच्या वर बरोबर १० सेंटिमीटरवर दुसरी. मग गुडघे न वाकवता पुढे वाका म्हणतात आणि दोन खुणांमधलं अंतर पुन्हा मोजतात. निरोगी तरुण पाठीत ते साधारण १४-१५ पर्यंत ताणलं जातं. आखडलेल्या पाठीत ते तितकं वाढत नाही. या मोजणीला शोबर चाचणी म्हणतात. दुसरी याहून साधी: टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं राहायचं आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का पाहायचं.

उपचार

एकेकाळी या रुग्णांना प्लास्टरच्या जॅकेटमध्ये ठेवत, अंथरुणात झोपवून ठेवत. कणा त्याच स्थितीत आखडून जायचा. विसाव्या शतकाच्या मध्यात कण्याला क्ष-किरणांचे मोठे डोस दिले जात. दुखणं खरोखर कमी व्हायचं. पण १९५७ मध्ये कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की या उपचारानंतर रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं होतं. तो उपचार मागे पडला.

आजच्या उपचारात व्यायाम हा औषधाच्या बरोबरीचा भाग आहे, आणि तो औषध सुरू झालं म्हणून सुटत नाही. पाठ मागे ताणणारे, मान आणि खांदे फिरते ठेवणारे, छाती फुगवून खोल श्वास घेण्याचे प्रकार रोज करायचे. पोहणं उत्तम. पालथं झोपण्याने खुबे आणि पाठ सरळ राहायला मदत होते, रोज थोडा वेळ तरी तसं पडावं. सकाळी गरम पाण्याने अंघोळ करून मग ताणाचे व्यायाम केले की ते सोपे जातात. कणा जुळलेला असेल तर मात्र अंगावर अंग आदळणारे खेळ आणि मानेला झटका देणारी मालीश दूर ठेवायची. एकदा व्यायाम शिकवणाऱ्या माणसाकडून तो शिकून घेणं फार मोलाचं आहे.

औषधांत पहिली पायरी नॅप्रॉक्सेन, इंडोमेथॅसिन, एटोरिकॉक्सिब यांसारख्या दाहशामक गोळ्यांची. ‘पेनकिलर घेऊ नकोस, किडनी जाईल’ हा सल्ला या रुग्णांना चहूबाजूंनी मिळतो. भीती निराधार नाही. या गोळ्या पोटात व्रण करू शकतात, किडनी, रक्तदाब आणि हृदयावर ताण आणू शकतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि तपासण्या करतच घ्यायच्या. पण इथे त्या नुसतं दुखणं लपवत नाहीत, दाह कमी करतात. बऱ्याच रुग्णांचं आयुष्य त्यांच्यावरच सुरळीत चालतं. एक गोळी दोन ते चार आठवडे पूर्ण मात्रेत घेऊन भागलं नाही तर दुसरी करून पाहतात. दुखलं की एक, नाहीतर नाही, अशा घेण्याने औषध चालतं की नाही हेच कळत नाही.

आमवातात मुख्य आधार मेथोट्रेक्सेटचा. ते तिथे फार चांगलं काम करतं, फक्त आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून गोळ्यांच्या पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सोबत फॉलिक अॅसिड देतात. गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध आधीच थांबवावं लागतं. कण्याच्या दाहावर मात्र मेथोट्रेक्सेट चालत नाही, सल्फासॅलाझिनही नाही. गुडघा, घोटा असे बाहेरचे सांधे सुजले असतील तर सल्फासॅलाझिनचा उपयोग होतो. तोंडाने दीर्घकाळ स्टेरॉइड घेणंही कण्याला उपयोगी पडत नाही आणि हाडं आणखी ठिसूळ करतं. सुजलेल्या एखाद्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट, ते देतात.

गोळ्यांनी भागलं नाही तर जैविक औषधं, ज्यांना बायोलॉजिक्स म्हणतात. दाहाचा निरोप एका पेशीकडून दुसरीकडे नेणारे रेणू असतात. टीएनएफ हा त्यातला एक मोठा निरोप्या. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आमवाताच्या रुग्णांत टीएनएफला अडवून पाहिलं आणि सुजलेले सांधे उतरले. २००३ मध्ये टीएनएफ अडवणाऱ्या एटानर्सेप्टला अमेरिकेत अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससाठी मान्यता मिळाली, पुढे त्याच प्रकारची इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब आली. दुसरा निरोप्या इंटरल्युकिन-१७, त्याला सेक्युकिनुमॅबसारखी औषधं अडवतात. इंटरल्युकिन-२३ ची गोष्ट विशेष आहे. त्याला अडवलं की सोरायसिस आणि सोरायटिक संधिवात सुधारतो, पण अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या कण्यावर त्याचा उपयोग झाला नाही. एकाच घरातले आजारही आतून किती वेगळे असतात ते त्यातून दिसलं.

कोणतं औषध हे बाकीच्या शरीरावर ठरतं. वारंवार डोळा लाल होत असेल किंवा आतड्याचा आजार असेल तर अडालिमुमॅबसारखी औषधं बरी. इंटरल्युकिन-१७ अडवणारं औषध आतड्याचा दाह वाढवू शकतं. पोटाची जुनी तक्रार ‘त्याचा काय संबंध’ म्हणून डॉक्टरांपासून राखून ठेवू नका, ती याचसाठी.

ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा क्ष-किरण आणि क्षयाची तपासणी करतात. क्षयाचे जंतू कित्येकांच्या फुप्फुसात शांत पडून असतात, शरीराने त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधलेली असते. ती भिंत उभी ठेवायला टीएनएफ लागतो. तोच अडवला तर भिंत ढासळून क्षय जागा होऊ शकतो. म्हणून झोपलेला क्षय आढळला तर आधी त्यावर औषध, मग बायोलॉजिक. हिपॅटायटिस बी चीही तपासणी होते. औषध चालू असताना जिवंत जंतूंची लस घ्यायची नाही, आणि ताप आला तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

टोफॅसिटिनिब, उपाडासिटिनिब या नव्या गोळ्या पेशीच्या आतली निरोपाची वाट अडवतात. सुई नको असणाऱ्यांना त्या आकर्षक वाटतात. वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या आणि हृदयरोग असलेल्या रुग्णांत त्या जपून देतात, रक्तात गुठळ्या आणि नागीण यांचा धोका लक्षात ठेवून. धूम्रपानाने हा आजारच जास्त वेगाने पुढे सरकतो, त्यामुळे ते सोडणं हा उपचारच आहे. खुबा पूर्ण खराब झाला तर तो बदलण्याची शस्त्रक्रिया फार चांगला परिणाम देते. कण्याची शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याची जागा बधिर होणं, पायातलं बळ जाणं, किंवा पाठदुखीबरोबर ताप आणि वजन घटणं, यांत वही वगैरे लिहीत बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा.

माझ्या भावाचं निदान २९ व्या वर्षी झालं. दोन गोळ्या करून झाल्यावर दर दोन आठवड्यांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात तो एकदा सकाळी सातपर्यंत झोपला आणि आई दोनदा त्याच्या खोलीत डोकावून आली. त्याला मुलगी झाली तेव्हा ‘तिची बी२७ चाचणी करून घ्या’ असं बऱ्याच जणांनी सुचवलं. डॉक्टरांनी नको म्हटलं. काही होत नसलेल्या मुलाची ही चाचणी करत नाहीत. जनुक असलं तरी आजार न होण्याचीच शक्यता जास्त, आणि आधी कळल्याने तो टाळता येत नाही. मोठेपणी तिची पाठ सकाळी आखडू लागली तर कुणाकडे जायचं ते मात्र घरात सगळ्यांना माहीत आहे.

जे जुळलं ते औषधाने सुटत नाही. म्हणून दर वर्षी एकदा माझी भावजय पेनाने त्याच्या पाठीवर दोन खुणा करते आणि टेप लावते. निदानाच्या वेळी १० चे १२ झाले होते. उपचाराच्या पहिल्या वर्षी, दाह उतरल्यावर, साडेतेरा. त्यानंतर आठ वर्षं झाली. यंदाही साडेतेराच भरले.